नळी संपल्यावरची चार बोटे

शंभर मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही छिद्रे दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. रायफल उत्तम होती, यात शंका नव्हती. मग खांद्याला बसणारा दणका कमी व्हावा म्हणून तिच्या नळीच्या तोंडावर एक नवा भाग बसवला. चार बोटे लांबीचे, बाजूंना खाचा असलेले एक पोलादी नळकांडे. दणका खरोखरच कमी झाला. पण त्याच नेमबाजाने, त्याच पेटीतल्या काडतुसांनी झाडलेल्या पुढच्या पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत विखुरल्या.

नेमबाजांमध्ये ही तक्रार नवी नाही. या नळकांड्याला मझल ब्रेक म्हणतात. मझल म्हणजे नळीचे तोंड, आणि ब्रेक म्हणजे मागे येणाऱ्या रायफलीला लगाम. गंमत अशी, की गोळी या ब्रेकला शिवतसुद्धा नाही. त्याचे भोक गोळीपेक्षा मुद्दाम मोठे ठेवलेले असते. मग ज्याचा स्पर्शही झाला नाही, त्या पोलादाच्या तुकड्याने गोळीची वाट कशी बिघडवली?

दणका फक्त गोळीचा नसतो

गोळी पुढे जाते म्हणून रायफल मागे येते, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाइतके सगळ्यांना पाठ असते. पण नळीतून एकटी गोळी बाहेर पडत नाही. जळलेल्या दारूचा वायूही तिच्यामागून निघतो, आणि वायूलाही वस्तुमान असते. ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाचा हिशेब घ्या. गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर. दारू जेमतेम तीन ग्रॅम, पण तिचा वायू सेकंदाला बाराशे मीटरच्या आसपास सुटतो. दोन्हींचे वस्तुमान आपापल्या वेगाने गुणले, की एकूण दणक्यातला जवळपास तीस टक्के वाटा या वायूचा निघतो. दारूचे प्रमाण जास्त असलेल्या मोठ्या काडतुसांत तो आणखी वाढतो.

ब्रेकचे सगळे काम या वाट्यावर चालते. गोळीच्या वाट्याला तो हात लावू शकत नाही. बागेतल्या पाइपातून पाणी जोरात सोडले की पाइप हातात मागे रेटतो. त्याच पाइपच्या टोकाला दोन्ही बाजूंना फुटणारी टी जोडली, तर पाणी डावी-उजवीकडे जाते आणि मागचा रेटा नाहीसा होतो. मझल ब्रेकमध्ये हेच घडते. सरळ पुढे निघालेला वायू आतल्या आडव्या भिंतींवर आदळतो, त्यांना पुढे ढकलतो आणि बाजूच्या खाचांतून बाहेर पडतो. भिंती पुढे ढकलल्या गेल्या म्हणजे अख्खी रायफल पुढे ओढली गेली. त्याची किंमत आवाजाच्या रूपाने मोजावी लागते. जो स्फोट पुढे जायचा, तो आता नेमबाजाच्या आणि शेजाऱ्याच्या कानांकडे वळतो. ब्रेक लावलेल्या रायफलीजवळ कानांचे संरक्षण न घेता बसणे म्हणजे ऐकू येण्याची क्षमता पणाला लावणे.

वायूला मुद्दाम एकाच बाजूला वळवण्याचे उदाहरणही प्रसिद्ध आहे. १९५९ मध्ये सोव्हिएत सैन्यात आलेल्या एकेएम रायफलीच्या तोंडावर तिरका कापलेला एक छोटा तुकडा असतो. कलमासाठी फांदी तिरकी छाटावी तसा तो दिसतो. त्याच्या खालच्या ओठावर वायू आपटतो आणि उसळून वर जाऊ पाहणारे तोंड खाली दाबले जाते. लागोपाठ गोळ्या झाडताना याचा मोठा उपयोग होतो, कारण पुढची गोळी निघेपर्यंत नळी फार भरकटत नाही. वायूच्या असमान रेट्यात किती ताकद असते, याचा हा धडधडीत पुरावा आहे. तिथे तो रेटा हवा म्हणून दिला आहे. अचूक नेमाच्या रायफलीत तो नको असताना आला, की काम बिघडते.

गोळीला मागून गाठणारे वादळ

गोळी नळीत असते तोवर तिच्याभोवती पोलादाची घट्ट भिंत असते. तोंडातून तिचे बूड बाहेर पडले, की मागचा वायू मोकळा होतो. त्या क्षणी त्याचा दाब अजूनही वातावरणाच्या काही शे पट असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो जेमतेम दोन-तीन पट असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अंदाज येईल. मोकळा झालेला वायू गोळीला मागे टाकून पुढे धावतो. म्हणजे काही सेंटिमीटर अंतरापर्यंत गोळी उलट्या वाऱ्यात सापडते. हवा समोरून येण्याऐवजी तिच्या बुडाकडून टोकाकडे वाहत असते.

हे डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते, तोवर त्यावर फक्त तर्क चालत. १८८६ मध्ये अर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून पेटर झाल्खर यांनी फ्यूमे या बंदरात उडत्या गोळीभोवतीच्या हवेच्या लाटांची छायाचित्रे घेतली. ध्वनीपेक्षा वेगवान वस्तूभोवती हवा कशी दुमडते, ते तेव्हा प्रथम कागदावर उतरले. त्या तंत्राच्या पुढच्या रूपांनी तोंडाशी फुटणारा वायूचा फुगाही दाखवला. गोळी त्याच्या पोटात असते आणि मग त्याला भेदून बाहेर येते.

अमेरिकेत फ्रँकलिन मान या डॉक्टरांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी गोळ्यांच्या उड्डाणावर अनेक वर्षे प्रयोग केले आणि १९०९ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. काही गोळ्यांची टोके त्यांनी मुद्दाम बिघडवली, काहींचे बूड. टोक बिघडलेल्या गोळ्या बऱ्याच अंशी नेमावर गेल्या, पण बूड एका बाजूने बिघडलेल्या गोळ्या भरकटल्या. नेमबाजीच्या इतिहासात या निष्कर्षाचे महत्त्व फार मोठे आहे. वारा कापणारे टोक महत्त्वाचे असणार, असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तोंडातून सुटताना वायू ज्या कडेवर शेवटचा हात ठेवतो, ती कड बुडाची असते. बूड तिरके असेल तर एका बाजूने वायू आधी निसटतो आणि गोळीला कलती करून सोडतो.

भोवरा आठवा. जाळी सुटताना भोवरा सरळ राहिला तर जमिनीवर एका जागी घुमतो. कलता सुटला तर आधी डोलतो, फिरत फिरत सरकतो आणि मग कुठे स्थिरावतो. गोळीही भोवराच आहे. नळीतल्या पिळदार खाचांमुळे ७.६२ ची गोळी सेकंदाला पावणेतीन हजारांच्या आसपास फेरे घेत निघते. सुटताना तिला बाजूने किंचित टोचणी मिळाली, तर हे डोलणे तिच्या वाट्याला येते. बाजूचा वेग सेकंदाला केवळ अर्धा मीटर मिळाला, तरी शंभर मीटरवर ती सहा सेंटिमीटर बाजूला पडते.

आता ब्रेककडे परत या. ब्रेकच्या आत गोळी एका अरुंद भोकातून जाते आणि तिच्याभोवती वायू दाटलेला असतो. भोकाचा मध्य गोळीच्या वाटेवर असेल तर चहूबाजूंची फट सारखी, म्हणून रेटाही सारखा. भोक एका बाजूला सरकले असेल, तर एकीकडे फट चिंचोळी आणि दुसरीकडे रुंद. वायू दोन्हीकडून सारखा वाहत नाही. गोळीला पोलाद लागत नाही, पण वायू बाजूने रेटतो.

इथे एक प्रामाणिक शंका येते. रेटा दर वेळी तोच असेल, तर सगळ्या गोळ्या एकाच दिशेला सरकून पुन्हा एका ठिकाणी का पडू नयेत? काही अंशी तसे होतेही. पण दोन काडतुसे हुबेहूब सारखी नसतात. दारूचा दाब, गोळीचा वेग, तिचा तोल, सगळ्यांत थोडा फरक असतो. सरळ बसलेल्या ब्रेकमध्ये हे फरक चहूबाजूंनी वाटले जातात. वाकड्या ब्रेकमध्ये ते सगळे एकाच चिंचोळ्या फटीपाशी येऊन मोठे होतात. त्यात भर म्हणजे काजळी साठेल तशी ती फट दर काही गोळ्यांनी बदलत जाते.

मध्य कुणाचा, नळीचा की भोकाचा?

लेथवर काम करणाऱ्या माणसाला या लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न लगेच कळेल. ब्रेक कोणत्या रेषेवर बसवायचा? घाईने दिलेले उत्तर असते, नळीच्या मध्यावर. पण नळीची बाहेरची गोलाई आणि आतल्या भोकाची रेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन फूट लांब पोलादी सळईत आरपार भोक पाडताना ड्रिल किंचित भरकटतेच. बाहेरून आरशासारख्या गुळगुळीत नळीचे भोक तोंडापाशी मध्यापासून केसभर सरकलेले असू शकते, किंवा हलकेच वळलेलेही. गोळीला बाहेरची गोलाई ठाऊक नसते. ती भोकाच्या रेषेने जाते.

म्हणून जाणकार कारागीर बाहेरच्या गोलाईवर विश्वास ठेवत नाही. तो नळी चार जबड्यांच्या चकमध्ये धरतो, भोकात अगदी नेमकी बसणारी मापाची सळई घालतो, तिच्यावर डायल टेकवतो आणि सळई फिरताना काटा हलायचा थांबेपर्यंत एकेक जबडा सारत राहतो. काटा थांबला म्हणजे आता फिरण्याचा मध्य भोकाचा आहे, कातडीचा नाही. मगच तो बाहेरून आटे पाडतो. हातातल्या डायने आटे पाडले तर डाय बाहेरच्या गोलाईला धरून चालते आणि हात कलला तर तीही कलते. स्वस्तात केलेल्या कामाचा दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो.

आट्यांबद्दलही एक गैरसमज असतो. ते ब्रेक धरून ठेवतात, पण सरळ करत नाहीत. लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवताना पाहा. अर्ध्यावर असताना ते इकडेतिकडे डुलते, कारण आट्यांत मोकळीक असते. काठ काठावर टेकला, की झाकण घट्ट आणि सरळ बसते. ब्रेकचेही तसेच. आटे संपतात तिथे नळीवर एक पायरी असते, तिला खांदा म्हणतात. ब्रेकची मागची कड या खांद्यावर टेकते आणि ब्रेकची दिशा खांदा ठरवतो. खांदा भोकाच्या रेषेशी काटकोनात नसेल, तर आटे कितीही सुबक असोत, ब्रेक तिरका बसणार.

हा तिरकेपणा किती असला म्हणजे पुरे? समजा खांद्याचा व्यास २० मिलिमीटर आहे आणि एका कडेला तो ०.०५ मिलिमीटरने उंच राहिला. एवढी जाडी एखाद्या केसाची असते. ६० मिलिमीटर लांबीच्या ब्रेकच्या टोकाशी हा फरक तिप्पट होऊन ०.१५ मिलिमीटर होतो. ब्रेकचे भोक गोळीपेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने मोठे असते, म्हणजे प्रत्येक बाजूला फट पाव मिलिमीटरची. जाडसर पोस्टकार्डाएवढ्या या फटीतला निम्म्याहून जास्त भाग एका केसाने खाल्ला. हाच खांदा २० सेंटिमीटर लांबीच्या नळकांड्याला दिला, तर टोकाशी अर्धा मिलिमीटर फरक पडतो आणि गोळी थेट पोलादाला घासते.

खांद्याखाली अडकलेली लोखंडाची चूर, न पुसलेली जुनी काजळी, आट्यांच्या सुरुवातीला राहिलेली बारीक धार, या सगळ्यांची जाडी केसाएवढी सहज भरते. ब्रेक बसवण्यापूर्वी दोन्ही कडा स्वच्छ पुसणे हे काम क्षुल्लक वाटते, पण हिशेब वर मांडला आहेच.

वॉशर, पाना आणि घट्टपणा

ब्रेकच्या खाचा बरोबर डावी-उजवीकडे याव्या लागतात. खांद्यावर टेकल्यावर त्या तिरक्या थांबल्या, तर नेमके किती फिरवायचे हे जुळवण्यासाठी मध्ये वॉशर घालतात. दाबला की चेपणारा वॉशर लष्करी रायफलींवर सर्रास वापरला जातो. तो सोयीचा आहे, पण चेपताना सगळीकडे सारखाच चेपेल याची हमी नसते. डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारण्यासारखे ते आहे. टेबल थांबते, पण सपाट होतेच असे नाही. अचूक नेमाच्या रायफलींसाठी म्हणून ठरावीक जाडीच्या सपाट पातळ चकत्या किंवा खास मापाने घासून जुळवलेला ब्रेक पसंत केला जातो.

खाचा फिरलेल्या राहिल्या तर काय? वरच्या बाजूलाही भोके असलेला ब्रेक थोडा उजवीकडे फिरला, की तोंड खाली दाबले जाण्याऐवजी खाली आणि डावीकडे ढकलले जाते. नेमबाजाला वाटते आपलाच हात चुकतोय.

घट्टपणाचेही दोन टोकांचे दोष आहेत. ब्रेक सैल असला तर दर गोळीला थोडा वेगळ्या जागी बसतो, आणि गोळ्या पसरण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे. उलट पाना लावून बळ केले, तर आट्यांखालची पातळ झालेली नळी ताणली जाऊन तोंडाजवळ भोकाचे माप किंचित बदलू शकते. जिथे गोळी शेवटची पकड घेते, नेमकी तीच ही जागा.

नेम सरकला की गोळ्या पसरल्या?

या दोन गोष्टी नवख्या नेमबाजांकडून हमखास एकत्र होतात. ब्रेक बसवल्यावर सगळ्या गोळ्या पूर्वीपेक्षा दोन इंच खाली, पण एकमेकींना चिकटून पडत असतील, तर रायफल बिघडलेली नाही. नळीच्या टोकाला वजन वाढले आहे, एवढेच. गोळी नळीत जेमतेम एक-सव्वा मिलिसेकंद असते, पण तेवढ्या वेळात नळी वेताच्या छडीसारखी कंप पावते. छडीच्या टोकाला पीठ चिकटवले तर तिचा कंप बदलतो, तसा ब्रेकच्या वजनाने नळीचा कंप बदलतो आणि गोळी निघण्याच्या क्षणी तोंड वेगळ्या दिशेला असते. दुर्बिणीचा नेम पुन्हा लावला की प्रश्न मिटतो.

हा कंपच कामाला लावण्याची कल्पना ब्राउनिंग कंपनीने १९९० च्या दशकात बाजारात आणली. एकाच नळकांड्यात ब्रेक आणि आट्यांवर मागेपुढे सरकवता येणारे वजन. खुणांनुसार वजन सरकवायचे आणि गोळ्या कुठल्या जागी सर्वांत जवळ पडतात ते शोधायचे.

गोळ्या पसरल्या असतील, म्हणजे कागदावरचा ग्रुपच मोठा झाला असेल, तर मात्र दोष मध्याचा, खांद्याचा किंवा सैलपणाचा.

चौकट : दोष ओळखताना
• सर्व गोळ्या सरकल्या, ग्रुप तेवढाच : वजनाचा परिणाम. नेम पुन्हा लावा.
• ग्रुप मोठा झाला : ब्रेक काढून त्याच काडतुसांनी पुन्हा झाडा. ग्रुप लहान झाला तर दोष ब्रेकच्या बसण्यात.
• ग्रुप ब्रेकशिवायही मोठा : नळीच्या तोंडाची कड किंवा काडतूस तपासा.
• ब्रेकमध्ये काजळी एकाच बाजूला दाट : मध्य सरकल्याची शंका.
• आटे पाडणे, बदल करणे : १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारक कारागिराकडेच.

तोफेपासून रणगाड्यापर्यंत

रायफलीत जे केसाच्या मापात घडते, ते तोफेत हाताएवढ्या मापात घडते. कारगिलच्या छायाचित्रांतून ओळखीच्या झालेल्या बोफोर्स तोफेच्या तोंडावरचा खाचाखाचांचा जाड भाग म्हणजे मझल ब्रेकच. तिच्या आराखड्यावरून जबलपूरच्या कारखान्यात घडवलेल्या धनुष तोफेच्या चाचण्या पोखरणला सुरू असताना, २०१७ मध्ये एक गोळा बाहेर पडताना ब्रेकला लागला. चाचण्या थांबल्या, तपास झाला, पुन्हा कसोट्या झाल्या आणि एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या सहा धनुष तोफा लष्कराच्या हाती आल्या. १५५ मिलिमीटरच्या गोळ्याला ब्रेकचा स्पर्श होणे म्हणजे काय, याची कल्पना कोणालाही करता येईल.

रणगाड्यांनी तर ब्रेकच सोडून दिला. टी-९० किंवा अर्जुन यांच्या नळीचे तोंड साधे असते. चिलखत भेदणारा आजचा गोळा म्हणजे बारीक बाणासारखी दांडी, आणि नळीत ती मध्यभागी धरण्यासाठी तिच्याभोवती दोन-तीन पाकळ्यांचा वेढा. तोंडातून निघताच पाकळ्या हवेने उघडून गळून पडतात. तोंडावर ब्रेक असता तर त्या नेमक्या तिथेच अडखळल्या असत्या आणि बाण भरकटला असता. दणका सोसायचे काम मग तोफेच्या मागच्या यंत्रणेवर आणि रणगाड्याच्या वजनावर सोपवले.

ब्रेक नाही, पण नळकांडे आहे

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक जिंकले. अंतिम फेरीत गुण होते ४५१.४. या प्रकारात दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गोळीचा ५.६. अशा स्पर्धांत मझल ब्रेकला नियमाने बंदी आहे. तिथल्या लहान काडतुसाचा दणकाही फार नसतो. पण अशा रायफलींच्या तोंडावर अनेकदा एक पोकळ जोडनळी असते. पुढची माशी त्या नळीवर दूर बसते, त्यामुळे मागच्या भोकातून नेम धरताना चूक लवकर दिसते. आतून ती गोळीपेक्षा बरीच रुंद असते, तरीही बसवताना सगळे नियम तेच. खांद्यावर पूर्ण टेकली पाहिजे, सैल राहता कामा नये, आणि तिचा मध्य भोकाच्या रेषेवर हवा. पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर सराव करणारा खेळाडू जोडनळी काढून परत लावल्यावर आधी काही गोळ्या कागदावर तपासतो, ती काळजी इथूनच येते.

कारागिराच्या हाती ब्रेकची तक्रार घेऊन रायफल आली, की तो सर्वांत आधी ती रिकामी आहे याची खात्री करतो. मग भोकाच्या मापाची सरळ सळई नळीतून पुढे काढून ब्रेकच्या टोकाशी पाहतो. सळईभोवतीची फट एका बाजूला अमावास्येनंतरच्या चंद्रकोरीसारखी बारीक दिसली, तर मध्य सरकला आहे. नंतर उजेड आत टाकून तो शेवटच्या भोकाची कड निरखतो. तिथे एका बाजूला तांब्याची लालसर रेघ असेल, तर गोळी तिथून जाताना पोलादाला घासते आहे. अशा रायफलीतून त्यापुढे एकही गोळी झाडायची नसते. ब्रेक उतरतो, नळी चकमध्ये जाते आणि डायलचा काटा थांबेपर्यंत पुन्हा जबडे सारायला सुरुवात होते.